शेतकरी बाजारात पहिल्यांदा जाताना: दोन पिशव्या, सुट्टे पैसे आणि रिकामं पोट

मी बार्शीकडची. ज्वारी, तूर, भुईमूग बघत वाढलेली. त्यामुळे मुंबईत नोकरीला आल्यावर शेतकरी बाजारात मला कोण काय शिकवणार, असा तोरा होता. पहिल्याच रविवारी मी तिथून ब्रोकोली, लाल-पिवळी ढोबळी मिरची आणि सफरचंदं घेऊन घरी आले. सफरचंदं! पालघर-रायगडच्या कुठल्या बांधावर सफरचंदाचं झाड असतं, हे पिशवी रिकामी करताना डोक्यात आलं. खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, "हे खाली कोपऱ्यावर मिळत नव्हतं का?" मिळत होतं. आणि स्वस्तही.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मधल्या काळात बऱ्याच चुका करून, थोडं फसून आणि भरपूर खाऊन जे हाती लागलं ते खाली टप्प्याटप्प्याने लिहितेय. मुंबईत नवीन असाल, किंवा सगळा जन्म मुंबईत जाऊनही भाजी कायम ॲपवरूनच मागवत असाल, तर उपयोग होईल.

१. आधी ठरवा, कुठल्या बाजारात जायचंय

"शेतकरी बाजार" या दोन शब्दांत मुंबईत चार वेगवेगळ्या गोष्टी मोडतात, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार सरकारी अभियानातला शेतकरी आठवडी बाजार. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. शेतकऱ्याने माल समितीच्या आवारातच विकला पाहिजे ही सक्ती त्यामुळे गेली. पुढच्याच महिन्यात खुद्द विधान भवनाच्या आवारात रविवारचा बाजार भरला. कृषी पणन मंडळाच्या या अभियानाला संत सावता माळी यांचं नाव आहे. "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी" म्हणणाऱ्याचंच नाव द्यायला हवं होतं, ते दिलं हे बरं झालं. या बाजारांमध्ये शेतकरी गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या बसतात. मैदान, शाळेचं पटांगण, सोसायटीची मोकळी जागा असं कुठेही हे भरतात आणि जागा बदलतातही. मी एकदा जिथे गेले तिथे बाजाराऐवजी क्रिकेटची मॅच चालू होती. आदल्या दिवशी खात्री करून घ्या.

दुसरा प्रकार सेंद्रिय मालाचा शनिवार-रविवारचा बाजार. वांद्र्याला असा बाजार बरीच वर्षं भरत आलाय. माल चांगला असतो, भाव चढे असतात. तिथे खायचे स्टॉल मात्र मनापासून फिरण्यासारखे.

तिसरा माझा सगळ्यात लाडका, आणि त्याला कुणी बाजार म्हणत नाही. वसई-विरार, पालघर, डहाणूकडून पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन येणाऱ्या बाया. दादर, बोरिवली, भाईंदर अशा स्टेशनांच्या बाहेर फडकं अंथरून त्या बसतात. पाटी नाही, तंबू नाही, काटाही बहुतेकींकडे नाही. पावसाळ्यात मुंबईतलं सगळ्यात ताजं खाणं याच फडक्यावर असतं.

चौथा प्रकार वर्षातून एकदाच: महालक्ष्मी सरस हे विक्री-प्रदर्शन. "उमेद" अभियानातल्या बचत गटांच्या बायका राज्यभरातून येतात आणि वांद्रे परिसरात काही दिवस मुक्काम ठोकतात. भाजी कमी, पण कोरडा माल आणि जेवण जबरदस्त. खायलाच जायचं असेल तर इथून सुरुवात करा.

नवखे लोक जिथे चुकून जातात त्या दोन जागाही सांगते. वाशीची बाजार समिती हा घाऊक बाजार आहे. तिथे गोणी आणि क्रेट चालतात, अर्धा किलो पडवळ मागितलंत तर लोक तुमच्याकडे दयेने बघतील. आणि क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ ची देखणी इमारत, दारावरची शिल्पं जरूर बघा, पण आत बसलेले व्यापारी आहेत. फळं उत्तम मिळतील, शेतकरी भेटणार नाही.

२. काय न्यायचं

कागदपत्रं लागत नाहीत. सरकारी आवारातला बाजार असेल तर फाटकावर पिशवी तपासतात, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा, एवढंच. बाकी यादी अशी:

- दोन कापडी पिशव्या. एक जड मालाला, एक पालेभाजीला. एकाच पिशवीत कोहळा आणि अंबाडी घातलीत तर घरी अंबाडीची चटणी तयारच पोचते.
- एक झाकणाचा स्टीलचा डबा. जांभळं, करवंदं, ताडगोळे, स्ट्रॉबेरी यांच्यासाठी. लोकलच्या गर्दीत डब्याशिवाय जांभळं नेऊ नका, शेजारच्याच्या पांढऱ्या शर्टाशी तुमची गाठ पडेल.
- ओलं करून पिळलेलं जुनं सुती फडकं, पालेभाजी गुंडाळायला.
- दहा-वीसच्या नोटा आणि नाणी. यूपीआय तंबूत चालतं, फडक्यावर नेहमी नाही. पाचशेची नोट सकाळी सहाला दाखवणं म्हणजे भांडणाला निमंत्रण.
- पाण्याची बाटली आणि स्वतःचा चमचा. का, ते पुढे येईल.

पातळ प्लास्टिकच्या पिशवीची अपेक्षा ठेवू नका. २३ जून २०१८ पासून राज्यात त्यावर बंदी अमलात आली आणि पहिल्याच वेळी पाच हजारांचा दंड आहे. कुणी दिली तर तो त्याचा धोका, पण तुम्ही मागून त्याला अडचणीत टाकू नका.

आणि पोट रिकामं ठेवा. चहा चालेल. पोहे हाणून गेलात तर अर्धा बाजार वाया.

३. वेळ, आणि रविवारचा मेगाब्लॉक

स्टेशनबाहेरच्या बायांकडे सात-साडेसातपर्यंत पोचायला हवं. नऊला गेलात तर उरलेलं सुकलेलं मिळेल, कारण त्यांना परतीची गाडी पकडायची असते. तंबूतले बाजार त्यापेक्षा उशिरा रंगात येतात. आठ ते दहा ही त्यांची चांगली वेळ.

बाहेरून आलेल्यांना रविवारचा एक मुद्दा कोणी सांगत नाही: मेगाब्लॉक. रेल्वे दुरुस्तीसाठी कुठल्या ना कुठल्या मार्गावरच्या गाड्या वळवते किंवा रद्द करते. मध्य आणि हार्बरवर हे साधारण अकराच्या सुमारास सुरू होतं आणि दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतं. दोन्ही हातांत पिशव्या, डब्यात ताडगोळे आणि फलाटावर तीन गाड्यांची गर्दी, हे मी एकदा अनुभवलंय. शनिवारी रात्री ब्लॉक कुठे आहे ते बघा आणि साडेदहाला परतीच्या गाडीत बसलेले असा.

४. पहिली फेरी हात मागे बांधून

काही घ्यायचं नाही. फक्त चालायचं आणि बघायचं. पाच मिनिटांत तीन गोष्टी कळतात: आज सगळ्यांकडे कोणती भाजी आहे (म्हणजे तिचा हंगाम ऐन भरात आहे आणि ती स्वस्त मिळणार), कोणती एकाच माणसाकडे आहे (ती आधी संपणार), आणि कोणत्या टेबलावर बारमाही सगळं मांडलंय.

हंगाम माहीत असेल तर ही फेरी सोपी जाते. मुंबईच्या आसपासचा हिशेब मी असा लक्षात ठेवते. थंडीत शेंगांचं राज्य: वाल, तूर, पावटा, हरभऱ्याचे घाटे, आणि आमच्याकडून येणारा ज्वारीचा हुरडा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी, त्यामुळे त्या आठवड्यात भोगीच्या भाजीचा सगळा संच एकाच टोपलीत मिळतो. मार्चपासून ओले काजूगर, मग अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, एप्रिल-मेमध्ये हापूस, पायरी, रायवळ, ताडगोळे, करवंदं, रातांबे. मे संपता संपता जांभळं. पहिला पाऊस पडला की रानभाज्या. गणपतीनंतर रताळी, सुरण, मोठ्या काकड्या, सीताफळं, आणि दिवाळी उलटली की नवा तांदूळ.

५. समोरचा पिकवतो की नुसता विकतो?

हाताची माती, डोक्यावरची टोपी, "डायरेक्ट शेतातून" अशी पाटी, यातलं काहीही पुरावा नाही. मी तीन प्रश्न विचारते, तेही गप्पांच्या ओघात.

"गाव कोणतं?" हा पहिला. उत्तर जिल्ह्याचं आलं तर गावाचं नाव विचारा. पिकवणारा गाव सांगून थांबत नाही, नदीच्या अलीकडे की पलीकडे तेही सांगतो.

"हे कधी तोडलं?" हा दुसरा. पिकवणारा "काल दुपारी, उन्हं उतरल्यावर" असं काहीतरी नेमकं बोलतो. विकणारा "ताजं आहे ताई, एकदम ताजं" म्हणतो.

तिसरा प्रश्न माझा हुकमी: "पुढच्या आठवड्यात काय असेल?" शेतात काय उभं आहे हे ज्याने पाहिलंय त्याचा चेहरा यावर खुलतो. "गवार येईल, पाऊस नाही पडला तर." ज्याने माल पहाटे घाऊक बाजारातून उचललाय त्याला हे सांगता येत नाही, कारण त्यालाही ते माहीत नसतं.

गटाच्या टेबलावर मात्र अन्याय करू नका. बारा शेतकऱ्यांचा माल घेऊन दोघंच येतात, तेव्हा प्रत्येक भाजी त्यांनीच पिकवलेली नसणार. ते बहुतेक सरळ सांगतात, "कोथिंबीर आमची, दुधी शेजाऱ्याचा."

आणि विकणारा म्हणजे चोर नाही. तोही पहाटे तीनला उठतो. फक्त त्याच्याकडचा माल कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मिळतो तोच असतो, मग इतक्या लांब कशाला यायचं, एवढाच प्रश्न आहे. माझी सफरचंदं आठवा.

६. चव घ्यायची कशी

खरं तर यासाठीच जायचं. बरेच जण लाजतात, किंवा उलट, विचारल्याशिवाय द्राक्षाच्या घडातून मणी तोडून तोंडात टाकतात. दोन्ही नको. "चाखायला मिळेल का?" एवढं विचारलं की पुरे. कांदा असेल तर कापून देतात, चिकू असेल तर फोड देतात, चटणी असेल तर हातावर. एका वेळी एकाच टेबलावर चाखा, आणि आवडलं तर तिथून निदान पावशेर तरी घ्या. पाच ठिकाणी चाखून एकाही ठिकाणी काही न घेणारी माणसं त्यांच्या बरोबर लक्षात राहतात.

क्रम ठेवा: आधी फळं, मग कच्चं-भाजलेलं, मग शिजवलेलं, तिखट शेवटी. मी एकदा सुरुवातीलाच ठेचा चाखला आणि पुढचा पाऊण तास मला चिकू आणि बटाटा एकच लागत होता. मध्ये पाणी प्या. चमचा स्वतःचा असला की मध, तूप, लोणचं चाखताना एकाच चमच्याच्या रांगेत लागावं लागत नाही.

आता काही गोष्टी जवळून.

*अलिबागचा पांढरा कांदा.* तो सुटा नाही, पातींची वेणी घातलेल्या माळेत येतो. कच्ची फोड खाल्ली की फरक लगेच कळतो: आधी गोडसर, मग अगदी हलका तिखटपणा, डोळ्यांत पाणी नाही. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि नाव झालं, तसा कुठलाही पांढरा कांदा "अलिबागचा" म्हणून विकला जाऊ लागला. चाखल्याशिवाय माळ घेऊ नका. फोड जिभेला झोंबली तर माळ कितीही सुंदर विणलेली असो, पुढे चला.

*ताडगोळे.* सोलून ठेवलेले नकोत, समोर फळातून काढून दिलेले घ्या. बोटाने हलकेच दाबा, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा लागला पाहिजे. कडक असेल तर तो जून, खोबऱ्यासारखा चिवट लागतो. वरची पिवळट साल काढून मगच खायचा. ती साल तुरट असते, आणि पहिल्यांदा खाणारे सगळे सालीसकट खातात.

*हुरडा.* इथे माझा गाववाला अभिमान आड येतो, त्यामुळे सांभाळून घ्या. कोवळं कणीस आगटीत भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून गरम खायचं ते हुरडा. मुंबईत तो बहुतेक वेळा सोललेला, पाकिटात येतो. वाईट नसतो, पण तव्यावर कोरडा गरम केल्याशिवाय खाऊ नका, आणि दाणा दाताखाली दुधाळ फुटतो का ते बघा. पिठूळ लागला तर वेळ निघून गेली. सोबत शेंगदाण्याची चटणी. शेव घालून भेळ करतात, ते मी न पाहिल्यासारखं करते.

*वसईची सुकेळी.* राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, तपकिरी, चिकट, पानात बांधलेली. दिसायला यथातथा. एक तुकडा तोंडात ठेवा आणि चावण्याची घाई करू नका.

*चिकू आणि जांभूळ.* डहाणू-घोलवडचा चिकू आणि पालघरमधल्याच बहाडोलीचं जांभूळ, दोघांनाही मानांकन आहे. चिकू आजच खायचा की दोन दिवसांनी, ते विकणाऱ्याला सांगा, तो तसा निवडून देतो. स्वतः प्रत्येक फळ दाबून बघू नका. तुमच्या अंगठ्याचा डाग उद्या दुसऱ्याच्या घरी काळा पडतो.

*खरवस.* व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांच्या चिकाचा असतो, त्यामुळे दर आठवड्याला ढिगाने मिळणाऱ्या खरवसाकडे मी जरा संशयाने बघते. खरा चिक क्वचित आणि थोडाच असतो.

*गूळ.* पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून भुलू नका. तो रंग आणण्यासाठी रसायन वापरलेलं असू शकतं. काळसर-तपकिरी, थोडा मऊ घ्या, आणि चाखल्यावर खारट लागला तर ठेवून द्या.

*मध.* तळाशी रवाळ जमला म्हणजे साखर घातली, असं सगळे सांगतात. चुकीचं आहे. शुद्ध मधही थंडीत जमतो. पाण्यात थेंब टाकून बघण्याच्या युक्तीवरही विसंबू नका. पहिल्या वेळी सगळ्यात लहान बाटली घ्या, इतकंच आपल्या हातात आहे.

*हापूस.* यावर वेगळा लेख लागेल. दोनच गोष्टी: कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी मार्चमध्ये एकसारखी पिवळी पेटी दिसली आणि देठाजवळ वास येत नसेल तर भावही न विचारता पुढे चला. आणि पिकलेला मागण्यापेक्षा तयार होत आलेला घ्या, घरी पेंढ्यात अढी लावा. पेंढा फळवालाच देतो. रायवळ दिसला तर मात्र तिथेच चोखून खा, तो घरी न्यायचा आंबा नव्हे.

शिजवलेल्या जेवणाच्या स्टॉलवर मी एकच बघते: भाकरी समोर थापली जातेय का. थापली जात असेल तर पिठलं-ठेचा, भरीत, मासवडी, जे असेल ते डोळे मिटून. रायगडकडच्या कुणी थंडीत पोपटी लावली असेल तर ती चुकवू नका: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून जाळ. पाल्याचा वास शेंगांना लागतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. छापील वर्तमानपत्रात तळण देत असतील तर तुमचा डबा पुढे करा. पावसाळ्यात कापून ठेवलेली फळं आणि ओल्या चटण्या टाळा, मग ती कितीही मायाळू मावशी देत असो.

७. वाटा, वजन आणि घासाघीस

स्टेशनबाहेरच्या बायांकडे माल किलोवर नसतो, "वाट्यावर" असतो. छोटासा ढीग, त्याची एक किंमत. तो वाटा म्हणजेच त्यांचं माप. वाट्याचा भाव पाडायला बसू नका. पहाटे तीनला निघालेल्या बाईशी दहा रुपयांवरून हुज्जत घालणारी माणसं तीच असतात जी नंतर दोनशेची कॉफी पितात. घासाघीस करायचीच असेल तर रीत अशी: भाव मान्य करायचा आणि म्हणायचं, "मावशी, वर थोडं घाल ना." ती मूठभर घालते. दोघींचाही मान राहतो.

तंबूत काटा असतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी व्हावी लागते. तुम्ही फक्त एवढं बघा की माल ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे आणि काट्याचं तोंड तुमच्याकडे आहे. क्रेटसकट वजन होत असेल तर क्रेटचं वजन वजा केलं का, ते विचारा. मला एकदा अडीच किलो टोमॅटोत बराचसा क्रेटच मिळाला होता.

८. रानभाज्या: इथे मात्र ऐकायचं

जून लागला, दोन-तीन सरी झाल्या की फडक्यांवर मला अनोळखी पाला दिसायला लागतो. नऊ वर्षांनीही त्यातली दोन-चार नावं दरवर्षी नव्याने विचारावी लागतात. टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी, करटोली, बांबूचे कोंब, आणि या सगळ्यांत आधी येणारी शेवळं.

शेवळं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती फुलं वाटली. जांभळट, लांबोडकी, मिटलेली. बाईने वाटा दिला आणि वर आवळ्यासारखी दिसणारी हिरवी फळं पुढे केली. "काकडं घे." मला वाटलं, जास्तीचं काहीतरी गळ्यात मारतेय. "नको," म्हटलं, "एवढंच द्या." तिने माझ्याकडे एकदा बघितलं, खांदे उडवले आणि पैसे घेतले.

त्या दिवशी कांदा-लसणाची फोडणी देऊन मी शेवळं केली आणि पहिल्याच घासाला घशात कुसळं भरल्यासारखं झालं. जीभ, टाळू, ओठ, सगळीकडे खाज. मैत्रिणीने तर घास ताटातच काढला. मग आमसूल चोखत, ताक पीत दुपार काढली. शेवळं हा सुरणाच्या कुळातला प्रकार. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. आंबट घातल्याशिवाय ती खाज मरत नाही. काकडं त्यासाठीच असतात. नसतील तर चिंच किंवा आमसूल, पण घालायचंच, आणि भरपूर. शिवाय आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा असतो, तेही मी केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती बाई तिथेच होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "खाजलं ना?" आणि शेजारणीला सांगून दोघी पोटभर हसल्या. मग तिने कृती सांगितली. तेव्हापासून माझा नियम आहे: रानभाजी विकणारी जोडीला काही घ्यायला सांगत असेल तर ते घ्यायचं, आणि पैसे देण्याआधी "करायची कशी?" हे विचारायचंच. फोनवर नोंद करून घ्या. घरी येईपर्यंत टाकळ्याची कृती भारंगीला लागते.

थोडक्यात सांगण्यासारखं: टाकळ्याचे कोवळे शेंडेच घ्या, जून पान उग्र लागतं. फोडशी दिसते गवतासारखी, तिचा बुडखा आणि मधला कडक दांडा काढा आणि तीन पाण्यांतून धुवा, मातीची कचकच राहते. भारंगी कडू, म्हणून उकडून पिळून घेतात. करटोलीचे काप करा, बिया कडक असतील तर काढा. कुठलीही रानभाजी कच्ची चाखू नका, चव घेण्याचा वरचा सगळा उपदेश इथे लागू नाही.

आणि दोन दिवसांत ओळख पटली म्हणून स्वतः खुडायला जाऊ नका. दिसायला सारखं असलेलं सगळं खाण्यासारखं नसतं, आणि मुंबईत रुळांच्या, नाल्यांच्या कडेला उगवलेलं तर नाहीच नाही. आधी ओळख करून घ्यायची असेल तर ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे भाजी, तिचं नाव आणि शिजवलेला पदार्थ शेजारी-शेजारी असतात. शिकायला त्यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

९. "सेंद्रिय" ही पाटी

पाटी लिहायला खडू लागतो, प्रमाणपत्राला काही हंगाम. पाकीटबंद मालावर "जैविक भारत" हे चिन्ह बघा. सुट्या मालावर पाटी असेल तर प्रमाणपत्र मागा, प्रामाणिक माणूस फोनमध्ये ठेवतोच. गटाने एकमेकांच्या शेताची पाहणी करून मिळणाऱ्या पीजीएस पद्धतीत "ग्रीन" म्हणजे शेत अजून सेंद्रियाकडे वळतंय, आणि "ऑर्गेनिक" म्हणजे वळलंय. हा फरक विचारला की समोरचा तुम्हाला जरा गंभीरपणे घेतो.

छोट्या शेतकऱ्याकडे कागद नसतो आणि तरी तो फवारत नाही, असंही होतं. तिथे मी किडीचं भोक पडलेलं वांगं बाजूला न काढता घेते आणि विश्वास ठेवते. फसले असेनही, पण वांगी चांगली होती.

१०. घरी आल्यावर

पिशवी स्वयंपाकघरात ठेवून झोपू नका. मुंबईच्या दमटपणात पालेभाजीला तासभरही पुरतो. पाला निवडा, मुळं काढा, न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. धुवायचं करायच्या वेळी.

नवा वाडा कोलम आणला असेल तर नेहमीपेक्षा पाणी कमी घाला, पहिल्यांदा माझा भात खिमट झाला होता. वाल आणले असतील तर संध्याकाळीच भिजत घाला, मोड येऊन, सोलून बिरडं व्हायला दोन दिवस जातात. कांद्याची माळ खिडकीजवळ, वारा लागेल अशी टांगा, आणि पावसाळा लागायच्या आत संपवा. जूनमध्ये ती आतून सडते आणि वास आधी शेजाऱ्यांना येतो.

शेवळं आणली असतील तर ती आजच. काकडं ठेचून, बी काढून, आधी उकळत्या पाण्यात.